हात वर केला की खांदा तुटतो: फिगर ड्रॉइंगमधल्या एका जुन्या दुखण्याचा माग

आधी लक्षणं. खालच्यांपैकी दोन जरी तुमच्या स्केचबुकात सापडली तरी पुढचं वाचा.

– हात खाली सोडून उभी असलेली आकृती ठीक दिसते. त्याच माणसाचा हात वर केला की तो धडाला मागाहून टाचल्यासारखा दिसतो.
– मान आणि खांदे मिळून शर्टाचा हँगर तयार होतो. पोझ कुठलीही असो, दोन्ही खांदे एका पातळीत.
– कॉलरबोन म्हणजे गळ्याखाली मारलेल्या दोन रेघा. खोडरबर फिरवला तरी चित्रात काही फरक पडत नाही. हे सगळ्यांत खात्रीचं लक्षण. पुसल्यावर ज्या रेघेवाचून अडत नाही ती बघून काढलेली नसते, माहीत आहे म्हणून काढलेली असते.
– पाठमोऱ्या आकृतीत दोन सपाट त्रिकोण. हात वर गेला, खाली आला, मागे बांधला, तरी त्रिकोण जागचे हलत नाहीत.
– खांदे रुंद केले तर माणूस पैलवान होतो, आत घेतले तर आजारी दिसतो, आणि तुम्ही तासभर तीच रुंदी पुसत-काढत बसता.

मी रविवारी सकाळी फिगर ड्रॉइंगचा वर्ग घेते. पंधरा-वीस जण, एक मॉडेल, तीन तास. इतक्या वर्षांत विद्यार्थी बदलत गेले, दुरुस्तीला येणारा अवयव तोच राहिला. चेहरा जमत नाही म्हणून लोक नाव घालतात आणि तिसऱ्या आठवड्यात खांद्याशी येऊन अडतात.

बहुतेकांची गोची एकच असते. आपल्या डोक्यात खांदा म्हणजे धडाचा वरचा कोपरा, आणि त्या कोपऱ्यात खुंटी ठोकून हात टांगलेला. ही सवय शाळेत लागते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात बाजार काढा, मिरवणूक काढा. वेळ थोडा, माणसं आठ-दहा. मग चौकोनी धड, वर गोल डोकं, दोन कोपऱ्यांतून दोन हात. परीक्षेपुरती ती युक्ती बरोबरच होती, मीही तिच्यावरच पास झाले. पुढे मात्र ती आडवी येते.

कारण हात खांद्यापाशी सुरूच होत नाही. तो सुरू होतो गळ्याच्या खळीपाशी. दंडाचं हाड टेकलंय खांद्याच्या फऱ्यावरच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी चपट्या हाडावरच्या, उथळ वाटीत. फरा जोडलाय कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाला. आणि कॉलरबोनचं आतलं टोक छातीच्या मधल्या हाडाला, खळीच्या अगदी कडेला. अख्खा हात आणि बाकीचा सांगाडा यांच्यात सांधा आहे तो एवढ्या एकाच जागी. फरा बरगड्यांना कुठेही जोडलेला नाही, तो स्नायूंच्या गादीवर सरकत असतो. म्हणजे जी जागा आपण खुंटीसारखी पक्की धरून चालतो, ती खरं तर सगळ्यांत सैल जागा आहे. वरची पाचही लक्षणं या एका गैरसमजाची पिल्लं.

नावांचं एवढ्यातच उरकून घेते. कॉलरबोनला पुस्तकी मराठीत जत्रुक म्हणतात. वर्गात तो शब्द मी दोनदा वापरून पाहिला आणि सोडून दिला. फरा हा गावाकडचा शब्द मात्र मला आवडतो, छोटा आणि रुंद. फऱ्याच्या मागच्या बाजूला, वरच्या भागात, हाडाची एक तिरकी धार उभी असते. तिला मी कंगोरा म्हणते. हा कंगोरा बाहेर जात जात खांद्यावर छपरासारखा पुढे येतो, ते टोक म्हणजे ॲक्रोमिअन.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, किचकट शेवटी. एखादीने काम झालं तर पुढचीकडे जाऊ नका, चित्र काढायला लागा.

१. कागद उलटा करा

दहा सेकंदांचं काम. किंवा मोबाईलवर फोटो काढून डावं-उजवं उलटवा. बराच वेळ एकाच चित्राकडे बघितलं की डोळा चूक गिळतो. उलटं केलं की ती पुन्हा दिसते.

ही तपासणी पहिली ठेवली कारण खांद्याची तक्रार घेऊन आलेलं चित्र कधीकधी खांद्याचं नसतंच. मान लांब झालेली असते. सरळ समोर बघणाऱ्या माणसात हनुवटी ते खळी हे अंतर डोक्याच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं. तुमच्या चित्रात ते अर्धं डोकं झालं असेल तर खांदे पडलेले दिसणारच, त्यात हाडांचा काही दोष नाही.

२. स्वतःच्या खळीत बोट घाला

आरशासमोर उभे राहा. डाव्या हाताचं बोट गळ्याच्या खळीत ठेवा आणि उजव्या बाजूला किंचित सरकवा. एक टणक गोळा लागेल. तो उजव्या कॉलरबोनचा आतला शेवट. आता उजवा हात हळूहळू वर न्या, मग पुढे, मग मागे. गोळा बोटाखाली फिरतो. हात एवढा लांब, आणि तो हलला की हालचाल इथे गळ्याशी जाणवते. वर्गात हे पहिल्यांदा करताना लोक हमखास शेजाऱ्याकडे बघतात, त्याचाही फिरतोय का म्हणून.

मग त्या हाडावरून बोट बाहेर न्या. आधी ते पुढे फुगतं, मग मागे वळतं. शेवटी एक छोटा उंचवटा लागतो, आणि त्याच्या पुढे दहा रुपयांच्या नाण्याएवढी सपाट, टणक जागा. ते ॲक्रोमिअन. तिथून बोट बाहेर-खाली घसरलं की मांसाचा गोल भाग येतो.

इथे थांबा, कारण चुकांचा मोठा गठ्ठा या दोन सेंटिमीटरांत आहे. खांद्याची सगळ्यांत बाहेरची गोलाई ॲक्रोमिअनची नसते. ती दंडाच्या हाडाच्या डोक्याची, वर डेल्टॉइड स्नायू पांघरलेली. ॲक्रोमिअन तिच्या वर आणि जरासं आत. हँगरवाले विद्यार्थी दोन्ही एकच समजतात आणि मानेपासून निघालेली रेघ थेट दंडात उतरवतात. खऱ्या खांद्यात ती रेघ छपरापाशी क्षणभर थबकते आणि मग गोलाईवरून खाली जाते. हे थबकणं काढलं की निम्मा हँगर तिथेच मोडतो.

३. ठिपके आणि पट्टी

चित्र काढण्याआधी चार ठिपके द्या: खळी, दोन्ही ॲक्रोमिअन, आणि पाठमोरी आकृती असेल तर मानेच्या तळाशी वर आलेला सातवा मणका. बाह्यरेषा नंतर.

रुंदी पुसत बसणाऱ्यांसाठी थोडे आकडे. मोठ्या माणसाचं कॉलरबोन सुमारे १५ सेंटिमीटर, डोक्याची उंची २२-२३. म्हणजे एक कॉलरबोन डोक्याच्या दोन-तृतीयांश. दोन कॉलरबोन झाले ३०, मधली खळी दोन बोटं, दोन्हीकडचं छप्पर मिळून चार-पाच सेंटिमीटर. बेरीज ३८च्या आसपास येते, आणि पुरुषांत हाडांची रुंदी साधारण तेवढीच भरते. बायकांत तीन-चार सेंटिमीटर कमी. यावर मांस चढतं. पैलवान आणि कारकून यांच्या खांद्यातला डोळ्यांना दिसणारा बराचसा फरक मांसाचा असतो. म्हणून आधी हाडांची रुंदी मोजून ठरवा आणि तिला परत हात लावू नका. पुसायचं असेल ते डेल्टॉइड पुसा.

दुसरं, दोन ॲक्रोमिअन जोडणारी रेघ खरोखर मॉडेलकडे बघून काढा. वजन एका पायावर असेल तर बहुधा त्या बाजूचा नितंब वर आणि खांदा खाली असतो. एक हात वर गेला असेल तर त्या बाजूचं ॲक्रोमिअन वर आणि मानेकडे आलेलं असतं. खळी जागच्या जागी. कॉलरबोन रबराचं नाही. ते लांब-आखूड होत नाही, खळीपाशी फिरतं. चित्रात आखूड दिसलं तर ते तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर वळलंय एवढाच त्याचा अर्थ.

४. वरून बघा

तीन-चतुर्थांश, म्हणजे अर्धवट वळलेल्या, पोझमध्ये खांदा बिघडत असेल तर इथवरच्या तपासण्या पुरणार नाहीत. त्यासाठी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून खाली बसलेल्या माणसाचे खांदे बघा. बाल्कनीतूनही चालेल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

वरून दिसतं ते असं. छाती म्हणजे एक लंबगोल. खळीपासून दोन्ही कॉलरबोन बाहेर जातात, पण सरळ बाजूला नाही, मागे झुकत. आकार जुन्या सायकलच्या हँडलसारखा: आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक-तृतीयांश उलटा वळलेला. मागून फरे येतात, तेही सपाट पाठीवर टेकलेले नसतात; बरगड्यांच्या गोलाईमुळे सुमारे ३० अंश पुढे वळलेले असतात. पुढून आलेलं कॉलरबोन आणि मागून आलेला फरा खांद्याच्या छपरापाशी भेटतात, चिमट्याची दोन पाती भेटावीत तशी. त्या चिमट्याच्या टोकाशी दंड. म्हणूनच दंडाची वाटी नुसती बाजूला बघत नाही, जरा पुढे बघते. आपले हात पाठीमागे कमी आणि समोर जास्त चालतात ते उगाच नाही.

याचा कागदावर काय उपयोग? समजा धड ४५ अंश वळलंय. कॉलरबोन मागे झुकलेलं असल्यामुळे तुमच्या जवळचं जवळपास पूर्ण लांबीचं दिसतं, आणि पलीकडचं त्याच्या निम्म्याहून कमी. विद्यार्थी दोन्ही सारखी काढतात किंवा पलीकडचं थोडंसं आखूड करतात. 'थोडंसं' तिथे चालत नाही. धीर करून अर्ध्याहून कमी काढा, धड लगेच वळतं.

५. लग्नपत्रिका आणि माठ

पाठमोऱ्या चित्रात त्रिकोण चिकटवल्यासारखे दिसत असतील तर ही तपासणी. खर्च शून्य, जाड लग्नपत्रिका कुठल्याही घरात निघते.

पत्रिकेतून १६ सेंटिमीटर उंच आणि १० रुंद असा त्रिकोण कापा, टोक खाली. वरच्या चौथाईच्या खाली एक तिरकी पट्टी उभी चिकटवा, आतल्या कडेपासून बाहेरच्या कोपऱ्याकडे चढत जाणारी. हा कंगोरा. आता माठ पालथा घाला आणि त्रिकोण त्याच्या पोटावर तळव्याने दाबून धरा. माठावर मधोमध खडूने उभी रेघ मारा, तो पाठीचा कणा. त्रिकोणाची आतली कड कण्यापासून चार बोटं ठेवा. शरीरात ही जागा साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या दरम्यान येते.

त्रिकोण आता माठाच्या बाजूकडे सरकवा. दोन गोष्टी होतात. एक, सरकताना त्याचं तोंड फिरतं. तुमच्याकडे बघणारा पुठ्ठा हळूहळू कडेकडे बघायला लागतो आणि अरुंद दिसतो. दोन, पुठ्ठा सपाट आणि माठ गोल, म्हणून एखादी कड माठापासून उचललेली राहते आणि तिच्याखाली सावली पडते. चित्रात सगळ्यांत आधी दिसते ती हीच सावली. हातगाडी ढकलणारा, छातीवर हात बांधून उभा असलेला, नमस्कार करणारा, या सगळ्यांचे फरे असे बाजूला सरकलेले असतात. उलट हात मागे बांधून फिरणाऱ्या आजोबांचे फरे कण्याकडे येतात आणि मधल्या कातडीला उभी घडी पडते.

आईचा माठ दोन उन्हाळे माझ्या वर्गात अडकला होता. नंतर मी प्लास्टिकची बादली आणली, पण बादलीचं पोट फुगलेलं नसतं आणि त्रिकोण तिच्यावर फारच शहाण्यासारखा बसतो. माठच बरा.

६. टिकल्यांची पट्टी

आता खरा आजार: वर गेलेला हात. यासाठी उघड्या पाठीचा एक माणूस लागतो. भाऊ, नवरा, मित्र, जो तयार होईल तो.

आमच्या वर्गाला बरीच वर्षं एक काका मॉडेल म्हणून येत. सडपातळ, साठीचे, पाठ अशी की हाडांचा नकाशाच. मी त्यांच्या पाठीवर तीन लाल टिकल्या लावल्या: कंगोऱ्याच्या आतल्या टोकाला, ॲक्रोमिअनवर, आणि फऱ्याच्या खालच्या कोपऱ्यावर. म्हटलं, काका, हात बाजूने हळूहळू वर घ्या. आणि वर्गाला सांगितलं, टिकल्यांचा प्रवास काढा.

हात वर गेला. खालची टिकली जेमतेम बोटभर हलली. वर्गाने तसंच काढलं आणि माझ्याकडे बघितलं, कारण मी तर सांगत होते की खालचा कोपरा लांब बाहेर जातो. मी काकांच्या पाठीला हात लावला तेव्हा कोपरा टिकलीपासून चांगला चार बोटं पुढे, काखेच्या खाली जाऊन बसला होता. टिकली कातडीला लावली होती, हाडाला नाही. कातडी मागे राहिली आणि हाड तिच्याखालून निघून गेलं.

तेव्हापासून मी टिकल्यांचा दुसरा संच ठेवते. हात खाली असताना लाल, हात पूर्ण वर गेल्यावर पुन्हा चाचपून हिरव्या. लाल ते हिरवी हे अंतर म्हणजे फऱ्याचं खरं फिरणं. दर थांब्याला बोटांनी शोधल्याशिवाय टिकलीवर विश्वास ठेवू नका.

किती फिरतं याचा ढोबळ हिशेब १९४४ साली इनमन, साँडर्स आणि ॲबट या अभ्यासकांनी मांडला आणि तो अजून शिकवला जातो. हात बाजूने पूर्ण वर, म्हणजे १८० अंश, नेला तर त्यातले सुमारे १२० अंश दंड वाटीत फिरतो आणि ६० अंश फरा बरगड्यांवर फिरतो. दोनास एक. सुरुवातीच्या ३० अंशांत फरा फारसा हलत नाही, नंतर जोडीने चालतो. माणसामाणसात हे थोडं बदलतं, चित्रकाराला एवढं पुरे.

यातून कागदावर उतरवायचं ते असं. हात कंबरेपासून थोडासाच दूर असेल तर फरा जवळपास तसाच ठेवा. हात खांद्याच्या पातळीला आला की फऱ्याची आतली कड उभी राहत नाही, खालून बाहेर कलते. हात कानाला लागला की खालचा कोपरा धडाच्या बाजूला येतो आणि समोरून बघतानासुद्धा काखेच्या खाली बाह्यरेषेत एक फुगवटा देतो. नवखे लोक हा फुगवटा चरबी किंवा बरगडी समजून गुळगुळीत करून टाकतात. वर केलेला हात टाचल्यासारखा दिसण्यामागे सगळ्यांत मोठा वाटा या पुसलेल्या फुगवट्याचा. त्याच वेळी कॉलरबोनचं बाहेरचं टोक वर चढलेलं हवं. खळीपासून ते तिरकं कानाकडे निघतं. ही दोन टोकं, पुढचं चढलेलं आणि मागचं बाहेर आलेलं, जागेवर पडली की मधला हात वाकडा काढला तरी माणसाचा वाटतो.

सराव कुठे करायचा? मुंबईकरांना लोकल आहे. वरची कडी धरून उभ्या असलेल्या माणसाचा शर्ट बघा: कमरेतून वर ओढला गेलेला, आणि काखेखाली एक ताण. तो ताण फऱ्याच्या कोपऱ्याने आणलेला. बाकीच्यांनी मल्लखांबाचा सराव बघायला जावं. उलटी अढी घेतलेल्या मुलाच्या पाठीवर फरे कुठवर जाऊ शकतात ते बघितलं की आपण काढत होतो ते त्रिकोण किती आळशी होते ते कळतं.

७. कंगोरा की खाच

वरचं सगळं नीट करूनही पाठ खोटी दिसत असेल तर मॉडेल किती मांसल आहे ते बघा. काकांसारख्या सडपातळ माणसात कंगोरा कातडीखाली धारेसारखा दिसतो. तालमीतल्या पोराच्या पाठीवर तीच जागा खाच होते, कारण दोन्हीकडचे स्नायू तिच्याहून उंच वाढतात आणि हाड मात्र कातडीला जवळ राहतं.

लक्षात ठेवायला एक सोपं सूत्र आहे. वरून येणारा ट्रॅपिझियस आणि खाली जाणारा डेल्टॉइड हे दोन्ही स्नायू हाडांच्या एकाच ओळीला बांधलेले आहेत: कॉलरबोनचा बाहेरचा तिसरा हिस्सा, छप्पर, कंगोरा. एक नदी, दोन काठांवर दोन गावं. तुम्ही ती नदी काढली की गावं आपोआप जागेवर बसतात. स्नायूंची नावं पाठ करून उलट्या दिशेने आलेले विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांच्या खांद्यावर बटाटे ठेवल्यासारखे दिसतात.

८. हाडासमोर बसणं

सगळ्यांत कष्टाची, म्हणून शेवटी. खरा किंवा चांगल्या प्रतीचा प्लास्टिकचा फरा हातात घेऊन त्याची निदान वीस चित्रं, दर वेळी थोडा फिरवून. वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे रीतसर अर्ज केला तर चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना बसू देतात, असा माझा दोनदाचा अनुभव आहे. नाही म्हणाले तर वाद घालू नका, त्यांची परीक्षा जवळ आलेली असते.

फिरवून काढण्याची कल्पना काही माझी नाही. लिओनार्दो दा विंचीने १५१०-११च्या सुमारास खांदा असाच पुढून मागे थोडा थोडा फिरवत ओळीने काढलाय, आणि काही ठिकाणी स्नायूंच्या जागी नुसत्या दोऱ्या दाखवल्यात, कोण कुठून कुठे ओढतो ते कळावं म्हणून. तुमच्या पुठ्ठ्याच्या फऱ्याला रबरबँड लावून बघा, त्याला काय बघायचं होतं ते समजेल. ज्यांना नुसती स्केचिंगची आवड आहे त्यांनी ही आठवी तपासणी केली नाही तरी चालेल. ज्यांना मूर्तिकामात किंवा अॅनिमेशनमध्ये जायचंय त्यांनी टाळू नये.

चूक तुमची नसते तेव्हा

एकदा एका नव्या मॉडेलचा डावा फरा सगळ्यांच्या चित्रात चुकीचा येत होता. आतली कड पाठीपासून सुटलेली, पंखासारखी. मी तीन जणांना पुसायला लावलं. चौथ्याच्या कागदावर पुन्हा तेच दिसल्यावर मी मॉडेलच्या मागे जाऊन उभी राहिले. कड खरोखरच सुटलेली होती. त्याला भिंतीवर दोन्ही तळवे टेकून ढकलायला सांगितलं, तेव्हा ती आणखी उभी राहिली. फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा सेरेटस अँटिरिअर नावाचा स्नायू किंवा त्याची नस दुखावली की असं होऊ शकतं. मी त्याला एवढंच सांगितलं की हे डॉक्टरला दाखव, आणि पुसायला लावलेल्या तिघांची माफी मागितली.

तसंच कॉलरबोनच्या मध्यावर गाठ दिसली तर ती बहुधा जुन्या फ्रॅक्चरची. ते हाड मोडतं ते बहुतेक वेळा मधल्या भागातच. एका खांद्यावर कॉलरबोनचं बाहेरचं टोक पायरीसारखं वर आलेलं असेल तर तो सांधा कधीतरी निखळलेला असू शकतो. दिसतं तसं काढा. 'दुरुस्त' करू नका.

कुठे थांबायचं

पहिल्या सहा तपासण्या करून, महिनाभर रोज दोन-चार खांदे काढूनही हात टाचलेलाच दिसत असेल, तर एकट्याने आणखी पानं भरू नका. तीच चूक हाताला पाठ होते. जिवंत मॉडेल बसवणारा वर्ग शोधा आणि शिक्षकाला तुमच्या कागदावर नाही, शेजारी वेगळ्या कागदावर काढायला सांगा. फोटोवरून शिकवणाऱ्यापेक्षा मॉडेलच्या पाठीकडे बोट दाखवणारा बरा.

चित्र वैद्यकीय पुस्तकासाठी किंवा रुग्णांच्या माहितीपत्रकासाठी असेल तर माझ्यासारख्या चित्रकला शिक्षिकेचं मत पुरेसं नाही. छापण्याआधी शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकाला दाखवा. आम्हाला पृष्ठभाग कळतो. कोणता स्नायू नेमका कुठे चिकटतो हे त्यांनी उघडून पाहिलेलं असतं.

मॉडेलला तपासण्याच्या नादात त्याचा हात धरून कधीही ओढू नका. तो स्वतः नेईल तेवढाच वर. दुखतंय म्हणाला, हाताला मुंग्या आल्या म्हणाला, तर पोझ तिथेच मोडायची आणि पुढचं डॉक्टरांवर सोपवायचं.

आणि हे तुमच्या स्वतःच्या खांद्यालाही लागू. मोठ्या इझलवर तासन्‌तास हात उचलून काम करणाऱ्यांनी दुखणं अंगावर काढू नये. मी काढलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उजवा हात वर जाईना. ब्लाउजचा मागचा हूक लागेना. आरशात बघितलं तर हात उचलायला गेले की अख्खा खांदा कानाकडे चढत होता, आणि पाठीमागे फरा एकटाच सगळं काम करत होता. दोनास एक तर राहोच, दंड जागचा हलतच नव्हता. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या मुलीने माझ्या पाठीवर, बरोबर खालच्या कोपऱ्यावर, अंगठा दाबून धरला आणि म्हणाली, "मावशी, हा हलू द्यायचा नाही, आता फक्त हात."

पाच महिने लागले. त्या काळात वर्गात मी डाव्या हाताने काढून दाखवत होते, आणि ते खांदे पुन्हा हँगरसारखे येत होते.